ग्रँड अ‍ॅडमिरलवरचा एआय हुशार नसतो, श्रीमंत असतो

अंतराळात साम्राज्य उभं करायच्या 'स्टेलारिस' या कॉम्प्युटर-खेळाबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे (ग्रँड अ‍ॅडमिरल ही त्यातली सर्वांत कठीण लेव्हल, एआय म्हणजे कॉम्प्युटर चालवतो तो प्रतिस्पर्धी): "स्टेलारिसमध्ये कॅप्टन लेव्हलला मी आरामात जिंकतो. ग्रँड अ‍ॅडमिरल लावलं की तीस-चाळीस वर्षांत शेजारी येऊन सगळं साफ करून जातो. एवढा फरक कसा? एआय चीटिंग करतो का? आणि त्याला हरवायची काही ठरलेली स्ट्रॅटेजी आहे का?"

करतो, चीटिंगच आहे ती. पण लेव्हल वाढवली की एआयला जास्त अक्कल येते, हा समज आधी डोक्यातून काढा. शेजारचं साम्राज्य चालवणारा कोड एन्साइन या खालच्या लेव्हलला जो असतो, जवळपास तोच ग्रँड अ‍ॅडमिरललाही असतो. निर्णय तसेच, चुकाही त्याच. बदलतो तो उत्पन्नाचा गुणक. तितक्याच कामगारांकडून त्याला तुमच्यापेक्षा जास्त खनिजं, जास्त ऊर्जा, जास्त अलॉय (जहाजं बांधायचा मिश्रधातू) मिळतात. नेमके आकडे आवृत्तीगणिक बदलत आले आहेत, पद्धत तीच राहिली आहे. समोर बसलेला गडी तोच, खिसा तेवढा फुगलेला. कॅप्टनला जे चालत होतं तेच तुम्ही आता जास्त वेगाने करायला बघताय, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं, आणि तिथेच गाडं अडतंय. उत्पादनाच्या शर्यतीत खेळातली पहिली पन्नास-साठ वर्षं तुम्ही त्याला गाठू शकत नाही. तेव्हा ती शर्यत धावूच नका. त्याचा पैसा वाया कसा जाईल, एवढं बघा.

स्ट्रॅटेजी गेम्ससाठी कॉम्प्युटर-खेळाडूचं डोकं लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, म्हणून आतली गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

बुद्धिबळात एका वेळी सरासरी पस्तीसेक खेळ्या शक्य असतात. अंतराळाच्या खेळात मध्यावर पोचलात की वीस ग्रह, पाच ताफे, तीन संशोधनं, सात शेजारी, आणि प्रत्येकाबाबत डझनभर पर्याय. त्यांचे गुणाकार करत बसलं तर बुद्धिबळाचं झाड यापुढे रोपटं वाटेल. त्यात स्टेलारिस थांबत नाही, दिवस पुढे सरकत राहतात, आणि डझनभर साम्राज्यांना एकाच प्रोसेसरवर विचार करायचा असतो. शिवाय धंद्याचं गणितही आहेच. खरोखर जिंकायला बसलेला एआय काय करेल? सगळे मिळून सर्वांत पुढे असलेल्यावर, म्हणजे तुमच्यावर, तुटून पडतील. असा खेळ कोणी दुसऱ्यांदा उघडत नाही. मग डिझायनर सोपी वाट धरतो: ठीकठाक खेळणारा एआय लिहायचा आणि कठीण लेव्हलला त्याला पैसे द्यायचे.

ही वाट आजची नाही. १९९३ साली सिमटेक्सचा 'मास्टर ऑफ ओरायन' आला, प्रकाशक मायक्रोप्रोझ, डिझायनर स्टीव्ह बार्शिया. याच खेळाची ओळख करून देताना अ‍ॅलन एमरिच या समीक्षकाने साम्राज्य वाढवण्याच्या या खेळप्रकाराला फोर-एक्स हे नाव पाडलं. त्यातली सर्वांत वरची लेव्हल 'इम्पॉसिबल', आणि तिथेही कॉम्प्युटरला सवलतच मिळायची. पण बार्शियाने एक सुंदर गोष्ट केली. प्रत्येक सम्राटाला त्याने दोन शब्दांचा स्वभाव दिला: एक वृत्ती, एक ध्येय. कुणी 'निर्दयी विस्तारवादी', कुणी 'सरळमार्गी मुत्सद्दी', कुणी 'लहरी तंत्रज्ञ'. आत गणित साधंच, पण खेळणाऱ्याला समोर माणूस दिसायचा. लहरी सम्राटाने करार मोडला तरी राग एआयवर निघायचा नाही, त्या सम्राटावर निघायचा. माझ्या मते या प्रकारातला आजवरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत यशस्वी डाव तो आहे. पुढे २०१६ साली आलेल्या स्टेलारिसमधली 'हेजेमॉनिक इम्पीरिअलिस्ट्स' किंवा 'फेडरेशन बिल्डर्स' ही व्यक्तिमत्त्वं त्याच घराण्यातली.

वेगळी वाट चोखाळणारेही झाले. स्टारडॉकच्या ब्रॅड वॉर्डेल यांनी 'गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स'च्या ओएस-टू या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या मूळ आवृत्तीत, तुम्ही तुमच्या चालीचा विचार करत असताना पडद्याआड एआयही विचार करत राहील अशी सोय केली होती. तुम्ही जितका वेळ घ्याल तितका त्यालाही. २००६च्या दुसऱ्या भागात तर मधल्या लेव्हलपर्यंत एआय कुठलीही आर्थिक सवलत न घेता खेळायचा, आणि तुम्ही सरहद्दीवर जहाजं गोळा करायला लागलात की शेजारी तसं तोंडावर बोलून दाखवायचा. अर्थात 'सुइसायडल' या सर्वांत वरच्या लेव्हलला तिथेही शेवटी पैसाच ओतावा लागला.

आता हल्ला करायचा की नाही, हे एआय ठरवतो कसं? बहुतेक खेळांत एक साधं सूत्र असतं. माझं बळ भागिले समोरच्याचं बळ. उत्तर ठरावीक मर्यादेच्या वर गेलं, लक्ष्याला किंमत असली आणि अंतर फार नसलं, तर निघायचं. समजा मर्यादा १.२ आहे. त्याच्या ताफ्याचं बळ ३६००, सरहद्दीवरच्या तुमच्या ताफ्याचं २८००. भागाकार १.२९ येतो. निघाला. तो चार उड्या मारून येईपर्यंत तुम्ही मागची ४०० बळाची जहाजं पुढे आणलीत. आता ३६०० भागिले ३२००, म्हणजे १.१३. त्याने तोंड फिरवलं. तुम्ही जहाजं मागे घेतलीत की तो पुन्हा निघणार. असं तुम्ही त्याला दहा वर्षं येरझाऱ्या घालायला लावू शकता. सगळा ताफा रस्त्यात, आणि ज्या दुसऱ्या सरहद्दीवर त्याची खरी गरज आहे तिथे कोणी नाही.

हे टाळायला आम्ही कोडमध्ये चिकटपणा घालतो. एकदा निघालास की अमुक दिवस मत बदलायचं नाही. झालं, मग तोच ताफा डोळे मिटून तुमच्या सापळ्यात शिरतो, कारण मत बदलायला बंदी आहे! चंचल ठेवला तर येरझाऱ्या, हट्टी ठेवला तर सापळा. या दोन टोकांच्या मधली नेमकी जागा मला तरी कुठल्याच खेळात सापडलेली नाही. तुमच्या खेळातला एआय कोणत्या बाजूला झुकलाय हे दोन लढायांत कळतं, आणि पुढची सगळी युद्धं त्या एका माहितीवर खेळता येतात.

"हे जुन्या पद्धतीच्या कोडचं झालं, शिकणाऱ्या एआयचं काय?" असं कोणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून जानेवारी २०१९मध्ये जाहीर झालेले सामने बघा. गूगलच्या डीपमाइंड कंपनीच्या अल्फास्टार या शिकणाऱ्या एआयने स्टारक्राफ्ट टू या युद्धखेळात टीएलओ आणि माना या दोन व्यावसायिक खेळाडूंना ५-० असं धुतलं. मग त्या जानेवारीत मानाशी एक थेट प्रदर्शनीय डाव झाला, त्यात एआयला माणसासारखा कॅमेरा हलवत खेळायचं होतं. मानाने वॉर्प प्रिझममध्ये, म्हणजे सैन्य वाहून नेणाऱ्या यानात, इमॉर्टल नावाची दोन लढाऊ यंत्रं भरली आणि अल्फास्टारच्या तळाच्या मागच्या बाजूला उतरवली. अल्फास्टारचं अख्खं सैन्य अर्ध्या वाटेवरून माघारी आलं. मानाने इमॉर्टल उचलले. सैन्य परत निघालं. मानाने पुन्हा उतरवले. शिंगांना पलिते बांधलेल्या बैलांमागे धावलेल्या फौजेला कात्रजचा घाट दाखवला होता, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे फौज प्रत्येक फेरीला नव्याने फसत होती. तेवढ्या वेळात मानाने घरी बसून हव्या त्या तुकड्या बांधल्या आणि एकदाच बाहेर पडून डाव जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अल्फास्टार ग्रँडमास्टर पातळीला, ९९.८ टक्के मानांकित खेळाडूंच्या वर, पोचला हेही खरं. पण कित्येक वर्षांचा सराव कॉम्प्युटरवर करून आलेल्या एआयलाही येरझाऱ्यांचा हा रोग होता, तर तुमच्या शेजारच्या साम्राज्याला तो असणारच.

दुसरी गोष्ट, ताफे एकत्र ठेवण्याची. १९१६च्या सुमारास लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने मांडलेलं एक गणित आहे: लांबून मारा करणाऱ्या दोन सैन्यांत बळ संख्येच्या वर्गाने मोजायचं. सारख्या दर्जाची १०० जहाजं १०० जहाजांशी भिडली तर दोन्हीकडे राख. पण समोरच्याने तीच १०० जहाजं पन्नास-पन्नास करून दोन ठिकाणी ठेवली असतील, आणि तुम्ही एकेका तुकडीला गाठलंत, तर पहिल्या लढाईनंतर तुमची ८७च्या आसपास उरतात आणि दुसरीनंतर ७१. त्याची शून्य. खेळातल्या लढाया या सूत्राला तंतोतंत धरून चालत नाहीत. चिलखत, मारा चुकवणं, पळ काढणं या सगळ्याने आकडे हलतात. तरी दिशा हीच. आणि एआय नेमका ताफे वाटून ठेवतो, कारण प्रत्येक सीमेवरचा धोका तो सुटा मोजतो. श्रीमंत शत्रूच्या मोठ्या ताफ्याला भ्यायचं कारण नाही, त्याचे तुकडे पडेपर्यंत थांबायचं. लहान आमिष एका टोकाला दाखवा, एक तुकडी तिकडे जाईल. मग दुसऱ्या टोकाला सगळं घेऊन जा.

आता स्टेलारिसपुरतं, अगदी हाताशी येईल असं.

२२००ला सुरुवात केल्यापासून पहिला शेजारी सापडेपर्यंत विस्तार करा, पण हायपरलेनच्या, म्हणजे ताऱ्यांमधल्या ठरलेल्या वाटांच्या, नकाशावर खिंडी शोधत. २०१८च्या २.० आवृत्तीपासून सगळे याच वाटांनी चालतात, त्यामुळे जागा महत्त्वाची झाली आहे. ज्या एका तारामंडळातून शेजाऱ्याला तुमच्याकडे यावंच लागतं, तिथपर्यंत आधी पोचा, मागची मोकळी मंडळं नंतर सावकाश भरा. त्या खिंडीत स्टारबेस (अंतराळातला तळ) वाढवा, तोफांची मॉड्यूल्स आणि डिफेन्स प्लॅटफॉर्म घाला, आणि तुमचा ताफा तिथेच मुक्कामाला ठेवा. क्रू क्वार्टर्स बांधलेत की मुक्कामाच्या ताफ्याचा खर्चही कमी होतो. एफटीएल इनहिबिटर, म्हणजे पुढची उडी रोखणारं यंत्र, मिळालं की स्टारबेस पडल्याशिवाय शत्रूला पुढे सरकताच येत नाही. वर सांगितलेल्या भागाकारात छेदाच्या जागी आता ताफा अधिक स्टारबेस येतो, आणि एआय तो आकडा बघूनच दुसरं गिऱ्हाईक शोधायला लागतो. सुरुवातीला ताफा लढण्यासाठी नसतो, दिसण्यासाठी असतो. नेव्हल कपॅसिटी (ताफा किती मोठा ठेवता येतो ती मर्यादा) रिकामी ठेवून सगळी अलॉय नव्या चौक्यांवर उडवणं हे ग्रँड अ‍ॅडमिरलवर मरण्याचं पहिलं कारण. तुलनेच्या रकान्यात तुम्ही 'पथेटिक', म्हणजे दयनीय, दिसलात की शेजाऱ्याच्या सूत्रात तुमचं नाव सर्वांत वर गेलंच म्हणून समजा.

तरी युद्ध आलंच तर? जिंकायचा विचारही करू नका. युद्धाचा थकवा दोन्ही बाजूंना चढत असतो, नुसता काळ गेला तरी. तो शंभर टक्के झाला आणि दोन वर्षं उलटली की 'जैसे थे'वर तह लादता येतो. 'जैसे थे'मध्ये हल्लेखोराला फक्त तेवढीच मंडळं मिळतात ज्यांवर त्याने हक्क सांगितला होता आणि जी प्रत्यक्ष ताब्यातही घेतली. तुम्ही खिंड सोडली नाहीत तर त्याने ओतलेला सगळा पैसा मातीत. असं एक युद्ध निभावलं की मधली दहा वर्षं तुमची असतात, कारण तहानंतर युद्धबंदी लागते. बारकाईने खेळणारा माणूस या दहा वर्षांत जेवढा पुढे जातो, तेवढा गुणक असूनही एआय जात नाही.

मुत्सद्देगिरीबद्दल तर एआयसारखा भाबडा शेजारी मिळणं कठीण. करार मान्य करायचा की नाही, याची तो बेरीज करतो आणि ती बेरीज तुम्हाला दाखवतोही! कर्सर नेऊन ठेवा: सीमेचा तंटा इतके उणे, समान वैरी इतके अधिक, तुमच्या ताफ्याचं बळ इतके अधिक. कोणता माणूस असा हिशेब उघडून ठेवेल? पहिल्या भेटीलाच सर्वांत धोकादायक शेजाऱ्याकडे दूत पाठवा, आणि त्याच्या वैऱ्याला आपलाही वैरी जाहीर करा. वैरी लांबचा असला तर उत्तमच. संरक्षण कराराला दरमहा इन्फ्लुअन्स (राजकीय वजन मोजणारं खेळातलं चलन) लागतो, पण सुरुवातीच्या वर्षांत तो खर्च मी डोळे झाकून करतो. अपवाद 'फॅनॅटिक प्युरिफायर्स'चा, म्हणजे इतर सगळ्यांना संपवायला निघालेल्या साम्राज्यांचा. ते शेजारी निघाले तर बोलणी विसरा, खिंड बांधा.

जहाजांच्या रचनेत एक गंमत आहे. ताफ्याचं बळ म्हणून जो आकडा दिसतो, त्याला कोणतं शस्त्र कशावर चालतं याचा पत्ता नसतो. कायनेटिक तोफा शील्ड फोडतात आणि चिलखतापुढे नांगी टाकतात, लेझरचं उलटं, क्षेपणास्त्रं शील्ड ओलांडून जातात पण पॉइंट डिफेन्स त्यांना टिपतं. शत्रू शील्डवर भर देतोय की चिलखतावर हे पहिल्या चकमकीच्या अहवालात वाचा आणि युद्धबंदीत रचना बदला. आकडा तोच राहतो, निकाल फिरतो. आकड्यांच्या या आंधळेपणाचा सर्वांत जुना नमुना तर टेबलवरच्या खेळातला आहे आणि तिथे फसवणारा चक्क कॉम्प्युटर होता. १९८१मध्ये डग्लस लेनॅट यांच्या युरिस्को या प्रोग्रॅमने ट्रॅव्हलर खेळाच्या ताफा-स्पर्धेत प्रवेश घेतला. बजेट एक लाख कोटी क्रेडिट. माणसांनी डौलदार मोठी जहाजं बांधली. युरिस्कोने लहान, मंद, बेढब आणि शस्त्रांनी खच्चून भरलेल्या जहाजांचा थवा उतरवला आणि जिंकला. पुढच्या वर्षी नियम बदलून चपळतेला महत्त्व दिलं, तर त्याने आपलीच जखमी जहाजं फोडून ताफ्याची चपळता टिकवली आणि पुन्हा जिंकला. तिसऱ्यांदा आलात तर स्पर्धाच बंद करू, असं आयोजकांनी सांगितल्यावर लेनॅट थांबले. आज तुमच्या शेजाऱ्याच्या कोडमध्ये युरिस्कोच्या दहा टक्के खोडकरपणा असता तर हे उत्तर लिहायची वेळ आली नसती.

लेव्हल चढवण्याच्या सवयीबद्दलही थोडं. कॅप्टनवरून थेट ग्रँड अ‍ॅडमिरलवर उडी मारू नका. सेटिंग्जमध्ये एआयच्या सवलती हळूहळू वाढत जातील अशी सोय आहे, ती चालू करून ग्रँड अ‍ॅडमिरल खेळा. सुरुवातीचा धक्का कमी होतो आणि मधल्या काळात खरा कस लागतो. मला तरी हा खेळ सपाट सवलतीपेक्षा चवदार वाटतो, कारण सपाट सवलतीत पहिली साठ वर्षं जीव मुठीत आणि पुढची दीडशे वर्षं जांभया. दुबळ्यानेच खेळायचं असेल तर २००९चा आर्सेन गेम्सचा 'एआय वॉर' बघाच. त्यात आकाशगंगा आधीपासून एआयच्या मालकीची असते आणि तुम्ही कोपऱ्यातला उपद्रव. प्रत्येक ग्रह जिंकला की एक आकडा वाढतो आणि एआय तुमच्याकडे तेवढं जास्त लक्ष देतो. तिथे सवलत लपवलेली नाही, खेळच त्या विषमतेवर उभा केलाय. कोणता ग्रह घ्यायचा नाही, हे शिकायला त्यासारखी शाळा नाही.

आणि एक प्रयोग करा, फार तर एक संध्याकाळ जाईल. आयर्नमॅन (कन्सोल वापरू न देणारी कडक पद्धत) बंद ठेवून ग्रँड अ‍ॅडमिरलचा डाव सुरू करा, २२४०च्या आसपास कन्सोल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून 'ऑब्झर्व्ह' टाइप करा आणि तुम्हाला ज्याची धास्ती वाटते त्या शेजाऱ्याच्या ग्रहांवर फिरा. रिकाम्या पडलेल्या नोकऱ्या, कामगारांविना बांधलेल्या इमारती, कोठारात साचून राहिलेली खनिजं आणि तीन दिशांना पांगलेले ताफे मोजा. मग 'प्ले' कमांडने आपल्या साम्राज्यात परत या आणि त्याचा सर्वांत लहान ताफा तुमच्या खिंडीपासून किती उड्यांवर उभा आहे ते बघा. पहिला घाव तिथे घालायचा.